निवृत्ती खात्यातून भाड्याचं घर: अमेरिकेतल्या सेल्फ-डिरेक्टेड आयआरएचा सगळा प्रवास

नोकऱ्या बदलत अमेरिकेत पंधरा-वीस वर्षं काढली की बऱ्याच मराठी घरांत एक चित्र सारखंच दिसतं. जुन्या कंपन्यांमधली दोन-तीन ४०१के (नोकरीतून मिळणारी निवृत्ती बचतीची) खाती, त्यांत मिळून बऱ्यापैकी रक्कम, आणि तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलंही नसतं. मग प्रश्न येतो: या पैशातून ओहायोत किंवा टेक्ससमध्ये घर घेऊन भाड्यानं देता येईल का?

येतं. १९७४ च्या एरिसा या निवृत्ती-योजनांच्या कायद्यानं आयआरए (स्वतः उघडायचं वैयक्तिक निवृत्ती खातं) सुरू झाली, आणि स्थावर मालमत्तेला तिच्यात कधीच बंदी नव्हती. आयुर्विमा आणि चित्रं, रत्नं, जुनी वाइन अशा संग्रहाच्या वस्तू तेवढ्या चालत नाहीत. फिडेलिटी, श्वाब, व्हॅनगार्ड या मोठ्या गुंतवणूक कंपन्यांकडे मात्र थेट घर घ्यायची सोय नसते. त्यासाठी वेगळा कस्टोडियन, म्हणजे खातं सांभाळणारी ट्रस्ट कंपनी किंवा बँक, शोधावा लागतो आणि त्याच्याकडच्या खात्याला सेल्फ-डिरेक्टेड आयआरए म्हणतात.

या वाटेवरचे जवळजवळ सगळे नियम एकाच गोष्टीतून निघतात: घराचा मालक तुमचं खातं असतं, तुम्ही नसता. पैसे तुमचेच, निर्णय तुमचाच, पण मालकी खात्याची. ज्यांना हे मनापासून पटतं त्यांना पुढचं सगळं सोपं जातं. ज्यांना 'शेवटी माझंच तर घर' असं वाटत राहतं, त्यांनी या वाटेला न गेलेलंच बरं.

आधी आकडेमोड

स्वतःच्या नावावर भाड्याचं घर असलं की घसारा वजा करता येतो, विकताना दीर्घ मुदतीच्या नफ्याचा कमी दर लागतो, आणि मालकाच्या पश्चात वारसांना घराची मूळ किंमत बाजारभावानं नव्यानं धरून मिळते. आयआरएत घर ठेवलं की हे तिन्ही फायदे हातचे जातात. पारंपरिक, म्हणजे करसवलत घेऊन पैसे भरलेल्या, आयआरएतून काढलेला प्रत्येक डॉलर पगारासारखा करपात्र ठरतो. बदल्यात मिळतं ते एवढंच, की भाडं आणि विक्रीचा नफा खात्यात असेपर्यंत कर न लागता वाढतो. रॉथ आयआरएत, जिच्यात कर भरून उरलेले पैसे जातात, तर वय साडेएकोणसाठ झालं आणि पहिल्या रॉथला पाच वर्षं पूर्ण झाली की तो बाहेर काढतानाही करमुक्त. म्हणून घर घ्यायचंच असेल तर रॉथ खातं जास्त योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे.

समजा खात्यात २,१०,००० डॉलर आहेत आणि घर १,६०,००० चं. क्लोजिंगचा (खरेदी पूर्ण करतानाचा) खर्च ५,०००, सुरुवातीची डागडुजी १०,०००. शिल्लक ३५,०००. भाडं महिना १,५०० धरू आणि वर्षातला एक महिना घर रिकामं. हाती आले १६,५००. त्यातून मालमत्ता कर ३,०००, विमा १,५००, व्यवस्थापकाचे दहा टक्के म्हणजे १,६५०, किरकोळ दुरुस्त्या २,०००, कस्टोडियनची फी ४००. उरले ७,९५०. गुंतलेल्या १,७५,००० वर हा परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास. घराची किंमत वाढेल ती वेगळी, पण तिची हमी कुणी देत नाही. एखाद्या वर्षी एसी-फर्नेस बदलायची वेळ आली की त्या वर्षाची कमाई साफ. ही आकडेमोड तुमच्या शहराचे खरे आकडे घालून करा. उत्तर फिकं निघालं तर साध्या आयआरएत आरईआयटी, म्हणजे मालमत्ता बाळगणाऱ्या कंपन्यांचे शेअर, घेऊन स्थावर मालमत्तेतला हिस्सा मिळतो, आणि पुढची सगळी उस्तवार वाचते.

उरलेल्या ३५,००० कडेही नीट पाहा. घरासाठी पदरमोड चालत नाही. छप्पर गळलं तरी तुमच्या बँक खात्यातून कंत्राटदाराला पैसे देता येत नाहीत. खात्यात नव्यानं भरता येणाऱ्या रकमेला वार्षिक मर्यादा आहे: २०२५ साठी ती ७,००० डॉलर होती, पन्नाशी ओलांडलेल्यांना ८,०००. म्हणून पुरेशी गंगाजळी ठेवूनच घर घ्यायचं. खात्यातला शेवटचा डॉलर घरात ओतणारा माणूस पहिल्या मोठ्या दुरुस्तीला अडकतो.

आई-बाबा, मुलं आणि 'अपात्र व्यक्ती'

आपल्या लोकांची फसगत होण्याची शक्यता सगळ्यात जास्त इथे आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

कर कायद्याच्या कलम ४९७५ मध्ये अपात्र व्यक्तींची यादी आहे. तुम्ही स्वतः, नवरा किंवा बायको, आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, सून आणि जावई. शिवाय तुमच्या खात्याचे सल्लागार, आणि यातल्या लोकांची पन्नास टक्के किंवा जास्त मालकी असलेल्या कंपन्या. यांच्यापैकी कुणाकडूनही खात्याला घर घेता येत नाही, कुणाला विकता येत नाही, कुणी त्यात राहू शकत नाही, आणि त्या घरासाठी कुणाचं कर्ज किंवा श्रमही घेता येत नाहीत.

पुण्याहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आणि घर नेमकं रिकामं आहे, तरी त्यांना तिथे ठेवता येत नाही. त्यांनी बाजारभावानं भाडं दिलं तरी नाही. मुलगी त्याच गावातल्या विद्यापीठात शिकायला गेली, तरी ती तिथे राहू शकत नाही. शनिवारी जाऊन स्वतः भिंती रंगवल्या तर तेही नियमभंगात मोडू शकतं, कारण खात्याला तुमची सेवा फुकट मिळाली. घर पाहणं, भाडेकरू निवडणं, व्यवस्थापकाला सूचना देणं हे मालकाचे निर्णय, ते तुम्ही घ्या. हातात पाना घेऊ नका.

भाऊ, बहीण, काका, मामा, चुलत-मावस भावंडं यादीत नाहीत. सासू-सासऱ्यांचंही नाव त्यात नाही. पण अप्रत्यक्ष फायदा तुम्हाला किंवा तुमच्या जोडीदाराला पोचतो असं दिसलं, तर यादीबाहेरचा माणूसही व्यवहार वाचवत नाही. आयआरएतलं घर नातेवाइकांपासून लांब ठेवलेलं उत्तम.

दंड किती? अपात्र व्यक्तीशी असा निषिद्ध व्यवहार झाला की त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ते खातं आयआरए राहत नाही. पूर्ण रक्कम तुम्हाला मिळाली असं धरून तिच्यावर कर बसतो, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर वर दहा टक्के. हजार डॉलरच्या चुकीसाठी दोन लाखांचं खातं मोडतं. २०१३ च्या टॅक्स कोर्टाच्या एका निकालात दोन भागीदारांनी आपापल्या आयआरएंच्या मालकीच्या कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली होती. हमी २००१ सालची, कंपनी विकली २००६ मध्ये, आणि विक्रीच्या नफ्यावरची करसवलत त्या जुन्या हमीमुळे गेली.

खातं आणि कस्टोडियन

सध्याच्या नोकरीतलं ४०१के बहुधा नोकरी सोडेपर्यंत हलवता येत नाही. साडेएकोणसाठनंतर बऱ्याच कंपन्या परवानगी देतात. जुन्या नोकरीतलं मात्र केव्हाही हलवता येतं. आयआरएला व्हिसा आड येत नाही. एच-वन-बीवर असाल तरी कमावलेलं उत्पन्न असलं की खातं उघडता येतं.

स्वतःचा व्यवसाय असेल, कन्सल्टिंगचं का होईना, आणि पूर्ण वेळचा नोकर नसेल, तर सोलो ४०१केचा विचार जरूर करा. कर्ज काढून घर घ्यायचं असेल तर त्याचा एक मोठा फायदा आहे, तो पुढे येतो.

कस्टोडियन निवडताना तीन गोष्टी लेखी विचारा. वार्षिक फी ठरावीक आहे की खात्याच्या किमतीवर? दुरुस्तीचं बिल चुकवायची सूचना दिल्यावर पैसे किती दिवसांत जातात, आणि घाईचे जादा पैसे किती? घर विकताना किंवा खातं बंद करताना काय आकारतात? किमतीवर चढत जाणारी फी घरासारख्या मालमत्तेला महागात पडते, मी ठरावीक फीच निवडेन.

कस्टोडियन काय करत नाही, हेही लक्षात ठेवा. घर चांगलं आहे का, विकणारा खरा आहे का, किंमत रास्त आहे का, यातलं काहीही तो तपासत नाही. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामक एसईसीनं याच मुद्द्यावर गुंतवणूकदारांना जाहीर सावधगिरीचा इशारा दिलेला आहे. 'आमची स्कीम अमुक कस्टोडियननं मंजूर केली आहे' असं कुणी सांगितलं तर तिथूनच परत फिरा. आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरणाऱ्या अपार्टमेंट सिंडिकेशनच्या, म्हणजे अनेकांनी पैसे घालून इमारत घेण्याच्या, प्रस्तावांनाही हेच लागू आहे. ओळखीच्या माणसानं पाठवलं, म्हणजे कुणीतरी तपासलंच असेल, असं नसतं.

पैसे हलवताना आयआरएतून आयआरएत थेट ट्रान्सफर मागा. ४०१केमधून येणारा चेक नव्या कस्टोडियनच्या नावानं हवा. तो तुमच्या नावानं निघाला तर कंपनीला वीस टक्के कर कापावाच लागतो, आणि साठ दिवसांत पूर्ण रक्कम, कापलेले वीस टक्के स्वतःकडून घालून, नव्या खात्यात भरावी लागते. आयआरएतून हातात घेऊन परत भरण्याची मुभा बारा महिन्यांत एकदाच आहे. थेट ट्रान्सफरला अशी मर्यादा नाही. हे सगळं व्हायला काही आठवडे लागतात. म्हणून घर शोधण्याआधी खातं उघडून पैसे आणून ठेवा.

ऑफरपासून क्लोजिंगपर्यंत

घर आवडलं की ऑफरवर खरेदीदार म्हणून तुमचं नाव घालायचं नाही. तिथे 'अमुक ट्रस्ट कंपनी, तमुकच्या आयआरएच्या लाभासाठी' अशा अर्थाची कस्टोडियननं दिलेली ओळ जशीच्या तशी यायला हवी. एजंटला हे पहिल्या भेटीतच सांगा. स्वतःच्या नावानं करार करून नंतर नाव बदलू म्हणणं म्हणजे आयता घोळ.

इसारा रक्कम, म्हणजे अर्नेस्ट मनी, सुद्धा खात्यातूनच जाते. आज ऑफर मान्य झाली आणि उद्या चेक हवा, असं विक्रेता म्हणतो, आणि कस्टोडियनला दोन-चार दिवस लागतात. म्हणून ऑफरमध्येच इसाऱ्यासाठी आठवड्याची मुदत मागून घ्या. बँकेच्या लिलावातली घरं, जिथे त्याच दिवशी पैसे भरायचे असतात, ती या वाटेनं घेणं फार अवघड आहे.

तपासणी, टायटल (मालकी हक्क) तपासणं, टायटल विमा यात कुठेही काटकसर नको. तपासनीसाची फी खात्यातूनच, किंवा कस्टोडियन सांगेल त्या पद्धतीनं. क्लोजिंगची कागदपत्रं आधी तुमच्याकडे येतात. प्रत्येक पानावर 'वाचले व मान्य' या अर्थाचा शेरा मारून तुम्ही सही करता, आणि खरेदीदाराच्या जागी कस्टोडियनचा अधिकारी सही करतो. खरेदीखत येईल तेव्हा नाव अक्षर अन् अक्षर तपासा. विमा पॉलिसी, मालमत्ता कराची नोंद, वीज-पाण्याची खाती, भाडेकरार, सगळीकडे खात्याचंच नाव. एक नोंद तुमच्या नावावर राहिली की बिलही तुमच्याच दारात येतं, आणि घाईत भरलंही जातं.

खात्यात पूर्ण किमतीएवढे पैसे नसले तर दुसरी वाट आहे. घर घेतानाच तुम्ही, तुमचा जोडीदार किंवा मित्र खात्याबरोबर हिस्सेदार होऊ शकता, उदाहरणार्थ खात्याचे साठ टक्के, तुमचे चाळीस. विक्रेता मात्र बाहेरचाच हवा. तिथून पुढे प्रत्येक खर्च आणि प्रत्येक भाडं त्याच प्रमाणात वाटायचं. खात्याचा हिस्सा नंतर तुम्हाला विकत घेता येत नाही, म्हणून प्रमाण विचार करून ठरवा.

कर्ज काढायचं असेल तर

आयआरएच्या कर्जाला तुम्ही हमी देऊ शकत नाही. त्यामुळे कर्ज नॉन-रिकोर्स हवं, म्हणजे हप्ते थकले तर बँकेचा हात फक्त त्या घरापर्यंत पोचतो. असं कर्ज देणाऱ्या बँका थोड्या आहेत, आणि किमतीच्या पस्तीस-चाळीस टक्के किंवा जास्त रक्कम त्या आधी मागतात.

शिवाय कर्जातून आलेल्या उत्पन्नाच्या भागावर आयआरएलाही कर लागतो. घर दोन लाखांचं, कर्ज ८०,००० चं, तर साधारण चाळीस टक्के उत्पन्न करपात्र. व्याज आणि घसारा वजा करून वर्षाला १०,००० उरले, तर ४,००० करपात्र, त्यातून १,००० ची सरसकट वजावट, म्हणजे ३,००० वर ट्रस्टच्या दरानं कर. हे दर फार लवकर चढतात, २०२५ मध्ये १५,६५० डॉलरच्या वर थेट ३७ टक्के. खात्याचं असं ढोबळ (खर्च वजा न केलेलं) उत्पन्न हजार डॉलर किंवा जास्त झालं की ९९०-टी हा कर-विवरणाचा फॉर्म भरावा लागतो. त्यासाठी खात्याला स्वतःचा ईआयएन (करासाठीचा ओळख क्रमांक) घ्यावा लागतो, आणि करही खात्यातूनच जातो. हा फॉर्म भरण्याचा अनुभव असलेला सीपीए (सनदी लेखापाल) आधीच गाठून ठेवा.

विक्रीच्या नफ्यालाही हेच प्रमाण लागतं, पण विक्रीच्या आधीच्या बारा महिन्यांतलं सर्वांत जास्त कर्ज धरून. म्हणून कर्ज फेडून वर्षापेक्षा थोडं जास्त थांबलात आणि मग विकलंत तर नफ्यावर हा कर येत नाही. सोलो ४०१केला घराच्या कर्जावरचा हा कर मुळातच माफ आहे, मघाशी म्हटलेला फायदा तो हाच. सिंडिकेशनमध्ये कर्ज प्रकल्पाच्या नावावर असतं, तरी त्याचा कर तुमच्या आयआरएपर्यंत येतो, हे अनेकांना के-वन हे कराचं पत्रक हातात पडल्यावर कळतं. वर्षाला चार घरं घेऊन, दुरुस्त करून विकत सुटलात तर तो धंदा ठरू शकतो आणि कर्ज नसतानाही कर लागू शकतो.

रोजचा कारभार

रविवारी रात्री भाडेकरूचा फोन: वॉटर हीटर फुटलाय, तळघरात पाणी. स्वतःच्या घरी आपण प्लंबरला बोलावून कार्ड पुढे करतो. इथे कार्ड खिशातच ठेवायचं. म्हणूनच मी म्हणतो, पहिल्या दिवसापासून बाहेरचा व्यवस्थापक नेमा. त्याच्याकडे खात्यातून आलेली काही हजारांची रक्कम राखीव असू द्या. तो भाडं गोळा करतो, प्लंबरला पैसे देतो, आणि उरलेली रक्कम दर महिन्याला कस्टोडियनकडे पाठवतो. भाड्याचा चेक कधीही तुमच्या नावानं येऊ नये, एका दिवसासाठीही तुमच्या बँकेत जाऊ नये.

या दिरंगाईला कंटाळून काही जण 'चेकबुक एलएलसी' करतात. आयआरएच्या मालकीची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी), तिचं बँक खातं, आणि बिनपगारी व्यवस्थापक तुम्ही. चेक तुमच्या हातात येतो खरा, पण कस्टोडियनची शेवटची चाळणीही जाते आणि प्रत्येक चूक फक्त तुमची. वर राज्याचे खर्च वेगळे, कॅलिफोर्नियात वर्षाला किमान ८०० डॉलर. एका घरासाठी एवढा खटाटोप मला योग्य वाटत नाही. केलीच, तर वकिलाकडून करून घ्या.

दर वर्षी ३१ डिसेंबरची किंमत कस्टोडियनला कळवावी लागते, तो ती ५४९८ फॉर्मवर आयआरएस या कर खात्याला देतो. बहुतेक वर्षी ब्रोकरचा लेखी अंदाज चालतो. घर किंवा त्याचा भाग खात्याबाहेर काढताना, किंवा पारंपरिकमधून रॉथमध्ये नेताना, रीतसर अप्रेझल (तज्ज्ञाकडून मूल्यांकन) करून घ्या.

आणि 'पुण्यातला फ्लॅट आयआरएतून घेता येईल का?' हा प्रश्न हमखास येतोच. अमेरिकेचा कायदा आड येत नाही, भारताचा येतो. फेमा या परकीय चलन कायद्याखालच्या २०१९ च्या नियमांनी निवासी आणि व्यापारी मालमत्ता घ्यायची मुभा एनआरआय आणि ओसीआय व्यक्तींना दिली आहे. आयआरएच्या घरावर नाव लागतं परदेशी ट्रस्ट कंपनीचं, आणि तिला ती मुभा नाही. फ्लॅट स्वतःच्या नावावर करून घेतला तर पैसे खात्यातून काढल्यासारखेच. पुण्यातलं घर आयआरएबाहेरच्या पैशातून घ्या.

बाहेर पडताना

पारंपरिक आयआरएतून ठरावीक वयानंतर दर वर्षी किमान रक्कम काढावीच लागते. १९५१ ते १९५९ मध्ये जन्मलेल्यांना ७३ व्या वर्षापासून, १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना ७५ व्या. चुकलं तर राहिलेल्या रकमेवर पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड. घराचा एक कोपरा तोडून काढता येत नाही. दुसऱ्या पारंपरिक आयआरएत रोकड असेल तर सगळ्या खात्यांची मिळून रक्कम तिथून काढता येते, आणि हाच सर्वांत सोपा मार्ग. नसेल तर दर वर्षी घराचा काही टक्के हिस्सा नव्या दस्तानं स्वतःच्या नावावर करत जावं लागतं, दर वेळी अप्रेझल आणि नोंदणीचा खर्च करून. साठीच्या आसपास असाल तर घर घेण्याआधी या खर्चाचा हिशेब मांडा. रॉथमध्ये खातेदाराच्या हयातीत ही सक्ती नाही.

निवृत्तीनंतर त्याच घरात राहायचं असेल तर तेही होतं: साडेएकोणसाठनंतर पूर्ण घर खात्यातून स्वतःच्या नावावर काढून घ्यायचं, १०९९-आर हा रक्कम काढल्याचा कर-फॉर्म येतो, आणि पारंपरिक खातं असेल तर त्या वर्षी बाजारभावाइतक्या रकमेवर कर भरायचा. कर भरायला रोकड बाहेर हवी. दस्त तुमच्या नावावर होईपर्यंत एक रात्रही तिथे मुक्काम नको.

विकायचं असेल तर सह्यांचा क्रम खरेदीसारखाच, आणि पैसे थेट खात्यात. वारसांच्या बाबतीत, नवरा किंवा बायको खातं आपल्या आयआरएत घेऊ शकतात. सज्ञान मुलांना बहुधा दहा वर्षांत ते रिकामं करावं लागतं, म्हणजे घर विकणं किंवा कर भरून नावावर करणं आलंच. मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असलं तरी कस्टोडियनकडच्या वारस-फॉर्मवरचं नावच चालतं. जुन्या ४०१केमधून पैसे आले असतील तर जुना फॉर्म त्यांच्याबरोबर येत नाही. खातं उघडतानाच तो नव्यानं भरा.